लोडरचे एका बाजूचे चाक ओढेना : मोटर बदलण्याआधी काय पाहाल?

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोठ्यातलं शेण काढणे, पोल्ट्रीची गादी उपसणे, शेणखत ट्रॉलीत भरणे या कामांसाठी आता बऱ्याच गावांत छोटा लोडर दिसू लागला आहे. कुणी त्याला नुसता लोडर म्हणतो, कुणी कंपनीच्या नावाने हाक मारतो. कागदोपत्री त्याचं नाव स्किड स्टिअर लोडर. काही ठिकाणी एखाद्या तरुणाने बँकेचं कर्ज काढून तो घेतला आहे आणि तासावर भाड्याने चालवतो. असा लोडर आठ दिवस उभा राहिला तर खताची कामं अडतात, आणि हप्ता काही थांबत नाही.

या यंत्राची एक तक्रार वारंवार कानावर येते. "साहेब, एका बाजूचं चाक ओढत नाही. मिस्त्री म्हणतो मोटर गेली." आता ही मोटर घ्यायची म्हणजे एखाद्या चांगल्या दुभत्या जनावराची किंमत मोजावी लागते. आणि नवी मोटर बसवल्यावरही चाक ओढेना, असं झालं की शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखावं, आणि कुठे थांबून जाणकार मेकॅनिकला बोलवावं, एवढंच आज सांगणार आहे.

यंत्र चालतं कसं?

हे यंत्र मुळात कोंबड्यांच्या जातीच्याच कामासाठी जन्माला आलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला, खांबाखांबांतून वळून खुराड्यातली घाण काढील असं यंत्र हवं होतं. सिरिल आणि लुईस केलर या दोन लोहार-फिटर भावांनी १९५७ साली ते तयार केलं. ते तीन चाकी होतं. पुढे १९६० साली त्याला चार चाकं आली. आपल्या ट्रॅक्टरसारखी याची पुढची चाकं वळत नाहीत. डावी बाजू हळू आणि उजवी जोरात चालवली की यंत्र घसटत डावीकडे वळतं. म्हणून दोन्ही बाजूंची ताकद सारखी असणं, हाच या यंत्राचा प्राण आहे.

आता आतली रचना पाहू. विहिरीवरचा पंप आणि पाईपलाईन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समजायला सोपं जाईल. इंजिन दोन पंप फिरवतं, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा. प्रत्येक पंपापासून जाड नळ्यांतून तेल त्या बाजूच्या मोटरकडे जातं. इथे मोटर म्हणजे विजेची मोटर नव्हे. तेलाच्या दाबाने फिरणारी ती हायड्रॉलिक मोटर. तेल मोटरला फिरवतं आणि दुसऱ्या नळीने पुन्हा पंपाकडे येतं. तुम्ही दांडा पुढे लोटला की तेल एका दिशेने जातं, मागे ओढला की उलट दिशेने. मोटर फिरली की तिच्या दाताळ चक्रावरून दोन साखळ्या निघतात. एक पुढच्या चाकाला, दुसरी मागच्या चाकाला.

याशिवाय एक छोटा पंप असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. फिरताना जे तेल आतल्या आत झिरपतं त्याची भर हा पंप घालत राहतो. पुष्कळ यंत्रांत उभ्या गाडीचा ब्रेकसुद्धा याच दाबाने सुटतो. हा छोटा पंप उपाशी राहिला तर दोन्ही बाजू लुळ्या पडतात.

म्हणजे चाक ओढण्यासाठी इंजिन, पंप, नळ्या, मोटर, साखळी, चाक अशी साखळीच आहे. पाणी शेतात आलं नाही म्हणून आपण लगेच पंप बदलतो का? आधी फुटव्हॉल्व्ह पाहतो, हवा धरली का पाहतो, पाईप फुटला का पाहतो. इथेही तसंच करायचं.

हात लावण्याआधी

बंधूंनो, आधी जिवाची काळजी. बकेट जमिनीवर टेकवा. हात वर ठेवून काम करणं भागच असेल तर कंपनीने दिलेला लोखंडी अडसर लावल्याशिवाय त्याखाली जाऊ नका. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, चाकांना ठोकळे लावा. नळीत उरलेला दाब निघून जावा म्हणून दांडे दोन-चार वेळा हलवा. तेल गरम असताना नटबोल्ट सैल करू नका.

आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. तेल कुठून फवारतं हे बोटाने चाचपायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. कुणाला असं टोचलंच, तर हळद लावून घरी बसू नका. त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात न्या आणि "हायड्रॉलिकचं तेल दाबाने आत गेलं आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पहिला प्रश्न : एक बाजू की दोन्ही?

मोकळ्या सपाट जागेवर यंत्र हळू चालवा आणि नीट पाहा.

दोन्ही बाजू कमजोर असतील तर दोन्ही मोटरी एकाच दिवशी जाणं फार दुर्मीळ. तेव्हा दोन्ही बाजूंना जे सामाईक आहे तिकडे वळा :

१. टाकीतलं तेल. सपाट जागेवर, बकेट खाली ठेवून पातळी पाहा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो.

२. फिल्टर. तो तुंबला की चार्ज पंपाचं तेल अडतं. ठिबकचा फिल्टर तुंबल्यावर शेवटच्या झाडाला पाणी जात नाही, तसंच.

३. तेलाचा रंग. तेलाला फेस असेल आणि पंप कण्हत असेल तर ओढीच्या नळीतून हवा शिरते. क्लिप सैल आहे का, नळीला चीर आहे का, पाहा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. ते बदलावंच लागेल.

४. ब्रेक आणि सीटचा अडसर. सीटवर बसून पुढचा दांडा खाली घेतल्याशिवाय चाकं सोडायची नाहीत अशी व्यवस्था यंत्रात असते. तिथली वायर उंदराने कुरतडली, स्विचमध्ये शेण-माती गेली तरी यंत्र जागचं हलत नाही. तो स्विच साफ करा. तार जोडून तो कायमचा बाद करू नका. तो तुमच्या जिवासाठी आहे.

५. इंजिन. इंजिनच दम टाकत असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, तर तेलाच्या यंत्रणेला दोष देऊन उपयोग नाही.

नव्या धाटणीच्या यंत्रांत दांड्यांऐवजी विजेवर चालणारी मूठ असते. त्यात पडद्यावर धोक्याची खूण किंवा आकडा आला तर तो लिहून ठेवा. मेकॅनिकला तो फार उपयोगी पडतो.

एकच बाजू कमजोर असेल तर

आता खऱ्या तक्रारीकडे येऊ. इथे सर्वांत स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा.

टायर पाहा. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले टायर, किंवा हवा कमी-जास्त, एवढ्यानेही यंत्र एका अंगाला ओढतं. यात तेलाचा काही संबंध नाही. चारही टायर एका मापाचे आणि पुस्तिकेत दिलेल्या हवेचे हवेत.

मग त्या बाजूची दोन्ही चाकं पाहा. ही खूण फार मोलाची आहे. एका बाजूच्या दोन्ही चाकांना मोटर एकच असते. तेव्हा पुढचं चाक फिरतं आणि मागचं फिरत नाही असं दिसलं, तर मोटर निर्दोष आहे. साखळी तुटली असेल, दाताळ चक्राचे दात गेले असतील किंवा आसाची किल्ली कातरली असेल. साखळी ढिली असेल तर दिशा बदलताना "खाड्" असा आवाज येतो.

त्यानंतर दांड्यापासून पंपापर्यंतचे सांधे पाहा. पिन झिजली, बोल्ट ढिला झाला, तर तुम्ही दांडा पूर्ण लोटता पण पंपाची भुजा अर्धीच फिरते. मग त्या बाजूला तेलच अर्धं जातं. एकाने इंजिन बंद ठेवून दांडा हलवावा आणि दुसऱ्याने पंपाची भुजा दोन्ही बाजूंना सारखी फिरते का ते पाहावं. दांडा मध्यावर सोडूनही यंत्र हळूहळू सरकत असेल तर तोही या सांध्यांच्या जुळणीचाच दोष बहुधा असतो.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका गावात पोल्ट्रीच्या कामाला लोडर होता. डावी बाजू ओढेना. एका गॅरेजवाल्याने मोटर बदलायला सांगितली. मालक पैशाच्या जुळवाजुळवीला लागला होता. साखळीच्या पेटीचं झाकण उघडून पाहायचं ठरलं. डाव्या बाजूची ब्रेकची तबकडी गंजून आवळून बसली होती. चाकाला ओढायला ताकद होती, पण ब्रेकच धरून ठेवत होता. ब्रेक साफ करून, झिजलेले भाग बदलून लोडर कामाला लागला. जुनी मोटर तशीच राहिली आणि चालली.

इंजिनाचा आवाज ऐका

ब्रेक अडला की तेल गळून जातं, हे कसं ओळखायचं? बकेट मातीच्या पक्क्या ढिगाला टेकवा आणि दोन्ही दांडे हळूच पुढे लोटा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लोटून धरू नका, तेल तापतं.

दुबळ्या बाजूचं चाक फिरत नाही, पण इंजिन दबून गुरगुरतं, तर तेलाचा दाब तयार होतो आहे. मग अडथळा ब्रेक, बेअरिंग किंवा साखळीत असण्याचा संभव जास्त. यंत्र उभं केल्यावर त्या बाजूचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापलेला आढळेल.

चाकही फिरत नाही आणि इंजिनालाही काही जाणवत नाही, आवाज होता तसाच, तर तेल आतल्या आत कुठेतरी निसटतं आहे. मग पंप, दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंवा मोटर यांच्याकडे संशय जातो.

पुढे की मागे? गार की गरम?

आणखी दोन प्रश्न स्वतःला विचारा.

एक : ती बाजू पुढे जाताना कमजोर आहे आणि मागे येताना ठीक आहे, असं आहे का? मोटर तर दोन्ही वेळा तीच असते. झिजलेली मोटर सहसा दोन्ही दिशांना कमजोर असते. म्हणून एकाच दिशेचा दोष असेल तर त्या दिशेचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकून उघडा राहिला असेल, किंवा दांड्याचे सांधे त्या दिशेला पूर्ण जात नसतील. तो व्हॉल्व्ह साफ करून घेणं मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त.

दोन : सकाळी यंत्र चांगलं चालतं आणि तासाभराने दुबळं पडतं, असं आहे का? तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं. ही झिजेची खूण. पण निर्णयाआधी तेल थंड करणारी जाळी पाहा. पोल्ट्रीत पिसं, गोठ्यात भुसा, कारखान्याकडे बगॅस जाळीत बसतो आणि तेल वाजवीपेक्षा जास्त तापतं. इंजिन गार झाल्यावर आतून बाहेर हवा मारून जाळी साफ करा. उलट, गार असताना मंद आणि तापल्यावर बरं चालत असेल तर तेल चुकीचं, फार जाड आहे, किंवा फिल्टर तुंबला आहे.

मोटरच गेली हे कधी म्हणायचं?

इथवरची तपासणी तुमची. यापुढे जाणकार मेकॅनिक आणि दाब मोजायचं गेज हवं. पण तो काय करतो हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतील.

पहिलं काम चार्ज पंपाचा दाब मोजणं. पुष्कळ यंत्रांत तो १५ ते २५ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हा दाब कमी असेल तर मोटरकडे जायचंच नाही.

दुसरं म्हणजे मोटरच्या अंगातून झिरपलेलं तेल मोजणं. बहुतेक मोटरींना एक बारीक नळी असते. ती हे तेल टाकीत परत नेते. ती सोडून स्वच्छ बादलीत धरायची, टाकीकडचं तोंड बंद करायचं आणि ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या ओझ्याखाली एक मिनिटात किती तेल येतं ते मोजायचं. मग दुसऱ्या बाजूच्या मोटरचं तसंच मोजायचं. एकीकडे धार आणि दुसरीकडे थेंब, असा फरक दिसला तर धारेची मोटर झिजली आहे. दोन्हीकडे तेल सारखंच थोडं येत असेल तर पंपाकडे आणि व्हॉल्व्हकडे वळावं.

तिसरी युक्ती नळ्यांची अदलाबदल. नळ्या पुरत असतील तर डाव्या पंपाचं तेल उजव्या मोटरला आणि उजव्याचं डाव्या मोटरला देतात. दोष चाकासोबत राहिला तर मोटर खराब, आणि पंपासोबत दुसऱ्या बाजूला गेला तर मोटर चांगली. मात्र असं केल्यावर दांडे उलटे चालतात. हे काम अनुभवी माणसानेच, मोकळ्या जागेत, आजूबाजूला कुणी नसताना, अगदी सावकाश करावं.

"मोटर गेली" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, "कशावरून? झिरपा मोजला का? दाब मोजला का?" मोजलं नसेल तर पैसे मोजू नका.

आणखी एक खूण. टाकीतलं तेल कमी होतं, बाहेर थेंब दिसत नाही आणि साखळीच्या पेटीतलं तेल मात्र वाढतं, तर मोटरचं ऑईल सील फुटलं आहे. मोटर ठीक असेल तर नुसतं सील बदलून भागतं. पण झिरपा नेणारी बारीक नळी चेमटली किंवा तुंबली तर नवं सीलही लगेच फुटतं. म्हणून ती नळी आधी पाहा.

मोटर बदलली, पण घाण राहिली

समजा, मोटर खरोखरच गेली. आता सर्वांत महत्त्वाचं ऐका. या यंत्रात तेल पंपाकडून मोटरकडे आणि मोटरकडून पुन्हा पंपाकडे असं फिरत राहतं. मोटर फुटली की तिचा चुरा पंपात, नळ्यांत, जाळीत सगळीकडे जातो. तो न काढता नवी मोटर बसवली तर तीही थोड्याच दिवसांत जाते, आणि जाताना पंपालाही घेऊन जाते.

म्हणून जुना फिल्टर कापून पाहा. त्यात चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले ते पोलादाचे, न चिकटलेले पिवळसर ते पितळ-कांशाचे. असे कण भरपूर निघाले तर नळ्या, टाकी, तेल थंड करणारी जाळी धुऊन घ्यावी, तेल आणि फिल्टर नवे घालावेत. त्या बाजूचा पंपही उघडून पाहावा. सोडलेल्या नळ्यांची तोंडं स्वच्छ टोपणाने बंद ठेवा. चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात. नवी मोटर बसवताना तिच्या पोटात आधी स्वच्छ तेल भरावं. इंजिन मंद चालवून आतली हवा निघू द्यावी आणि मगच दांडा लोटावा.

तेलही पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. काही यंत्रांना हायड्रॉलिकचं तेल लागतं, काहींना इंजिनाचं. दुकानदाराने दिलं म्हणून दोन जातींचं मिसळू नका. टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतीची माती पुसा. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण या पंपाला पुरेसे आहेत.

लोडर रस्त्यात बंद पडला तर ट्रॅक्टरला दोर बांधून फरफटत आणू नका. इंजिन बंद असताना मोटरला ताजं तेल मिळत नाही, ब्रेकही सुटलेला नसतो. ट्रेलरवर चढवून आणा, आणि चढवायची रीत पुस्तिकेत पाहा.

थोडक्यात लक्षात ठेवा

• दोन्ही बाजू दुबळ्या : तेल, फिल्टर, हवा, ब्रेक, चार्ज पंप पाहा.
• एका बाजूचं एकच चाक फिरत नाही : साखळी किंवा आस. मोटर नव्हे.
• इंजिन दबतं, चाक फिरत नाही : ब्रेक किंवा बेअरिंग अडलं.
• इंजिन दबत नाही, चाक फिरत नाही : तेल आत निसटतं.
• एकाच दिशेला कमजोर : व्हॉल्व्ह किंवा दांड्याचे सांधे.
• तापल्यावर कमजोर : जाळी साफ करा. तरीही राहिलं तर झीज.
• झिरपा आणि दाब मोजल्याशिवाय मोटर घेऊ नका.
• गळती बोटाने शोधू नका.

बंधूंनो, यंत्राच्या तासमापकाचा आकडा, तेल बदलल्याची तारीख, फिल्टर बदलल्याची तारीख एका वहीत लिहून ती सीटखाली ठेवा. दुखणं सुरू झालं तेव्हा यंत्र गार होतं की गरम, एक बाजू की दोन्ही, पुढे की मागे, हेही त्यात लिहा. मेकॅनिकचा निम्मा दिवस वाचेल आणि तुमचे पैसेही. जनावर आजारी पडलं की आपण डॉक्टरला सगळी हकीकत सांगतो. मुक्या यंत्राची हकीकतही आपणच सांगायची असते.